ळ साठी सोडलेली जागा

बारशाला द्वारकाआत्या खंडव्याहून आली
छोट्या लायनीच्या गाडीनं, मांडीवर वाळ्यांची पुरचुंडी घेऊन.
वत्सला आणि कुमुदच्या पाठीवरची मी, तिसरी.
बायका जरा गप्पच होत्या.
आत्या म्हणाली, दादानं पसाभर मागितलं होतं,
देवानं ओंजळ दिली.
आणि तेच माझ्या कानात सांगून मोकळी झाली.

ओंजळ.
स्नेहलतागंजात हे नाव ठीक चालायचं,
आमच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत.
त्यापुढे इंदूर सुरू व्हायचं
आणि इंदुरात ळ नाही.

हजेरीत मी ओंजल. रेशनकार्डावर अंजल.
गॅसच्या पुस्तकात ओमजल, एखादं तीर्थ असावं तसं.
आणि आठवीत दुबे सर, चष्मा पुसत,
‘ओझल! अरे, ओझल है तो दिखती कैसे है?’
वर्ग हसला. मीही हसले.
हसताना तोंडावर हात धरायची सवय तेव्हाची.

ओझल म्हणजे त्यांच्यात नजरेआड.
दोन हात जुळवून पाणी धरावं
आणि कुणी वाकून म्हणावं, इथं तर काहीच नाही.

कुमुदला कधी कुणी अर्थ विचारला नाही.
तिलाही ठाऊक नव्हता.
नाव तिला चपलेसारखं बसायचं,
निघताना पाय घातला की झालं.
माझं मात्र हातात धरून चालावं लागायचं.

एकोणिसाव्या वर्षी, शिकवणीचे पैसे साठवून,
जिल्हा कोर्टाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले.
अंजली व्हायचं होतं.
कॉलेजात चार अंजली होत्या,
मला पाचवी होऊन सुखानं हरवायचं होतं.

टायपिस्ट रोडीलालजी. कानावर बिडी, यंत्रावर पिवळं फडकं.
स्टॅम्पपेपर सरळ करत म्हणाले, पुराना नाम बोलो.
बोलले.
त्यांची बोटं वर गेली आणि तिथंच राहिली.
अख्ख्या यंत्रावर ळ ची कळ नव्हती.

ल मारा, मी म्हटलं, काय फरक पडतो.
‘नहीं बेटा. छोड़ रही हो तो सही नाम छोड़ो.
नहीं तो वो पीछे-पीछे आएगा.’

एका अक्षराची जागा मोकळी ठेवून ते पुढे गेले.
मधेच, कागदावरची नजर न काढता, सांगितलं:
रोडी म्हणजे उकिरडा.
आधीची चार भावंडं जगली नाहीत,
म्हणून यमाला हात लावावासा वाटू नये असं नाव.
फसला की तो, म्हणाले, बासष्टचा झालो मी.
पण लग्नाच्या पत्रिकेत
आर. लाल छापून घेतलं होतं.

मग पेन माझ्या हाती दिलं.
त्या फटीत मी ळ काढला.
एक गोल मोठा झाला, एक लहान,
निळ्या शाईचा, काळ्या अक्षरांत.

तेव्हापासून मी अंजली.
बँकेत, मतदार यादीत, नवऱ्याच्या तोंडी.
सुखानं हरवले, खोटं का बोलू.

आत्या गेली. आई गेली. वत्सलाताई करोनात गेली.
ते नाव म्हणू शकणारं एकच माणूस उरलंय, कुमुद,
आणि तिची कवळी नवी आहे.

परवा पेटी उपसताना तो कागद निघाला.
माझं नाव शुद्ध लिहिलेला सरकारी कागद
आयुष्यात तेवढा एकच,
आणि त्यात मी ते सोडते आहे.

कुमुदला फोन लावला, वाचून दाखवलं.
काय म्हणालीस, ती म्हणाली, परत म्हण.
जीभ मागे वळली, टाळूला टेकली,
किती वर्षांनी.
परत म्हटलं.
अजून एकदा, ती म्हणाली, गाडी जात होती.

तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही.
मी तिसऱ्यांदा म्हटलं.